विजेता संघ : वरीलप्रमाणे

"वाचणाऱ्यानं वाचावं, कोरणाऱ्यानं कोरावं, मध्ये तिसरं डोकं घालू नये." बाप जाऊन तीस वर्षं झाली, तरी कोरणी हातात धरली की दादांच्या कानात त्याचा हा आवाज घुमायचा. बाप देशाच्या फुटबॉल चषकावर विजेत्यांची नावं कोरायचा, आणि त्याच्या मागून ते काम दादांकडे आलं होतं. दर वर्षी अंतिम सामना झाला की चषक पेटीत बसून दुकानात यायचा आणि अंगावर एक नाव वाढवून परत जायचा. दादांना मात्र फुटबॉलमधलं एवढंच कळायचं की चेंडू गोल असतो आणि चषकही.

यंदा चषकावर तिळाएवढी जागा उरली नव्हती. संघटनेनं खाली चांदीचा रुंद पट्टा बसवला आणि पहिल्या वर्षापासूनची, पुसून पुसून झिजलेली सगळी नावं त्यावर नव्यानं कोरायला दिली. पन्नास वर्षांचा इतिहास, आणि तो सहा महिने अंथरुणावर काढून उठलेल्या माणसाच्या हाती. आजारानं दादांचा उजवा हात थरथरायचा. काम साधलं तर ठीक. नाही तर संघटनेच्या चिटणीसांनी कोरकामाचा एक यंत्रवाला हेरून ठेवलाच होता.

दादांची नजर अधू, म्हणून त्यांची बायको, सगळ्यांच्या वहिनी, संघटनेकडून आलेली यादी वाचायच्या आणि दादा कोरायचे.

"एकोणिसावं वर्ष, बंदर कामगार," वहिनींचा आवाज ओवीच्या लयीत चालायचा. "विसावं, वरीलप्रमाणे. एकविसावं, वरीलप्रमाणे."

दादांनी कोरलं. 'व'ला भरलं पोट, वेलांटीला मोराच्या मानेचा बाक. पुढे रेल्वे वर्कशॉपनं सलग चार वर्षं चषक नेला होता, तिथंही एकदा नाव आणि तीनदा 'वरीलप्रमाणे'.

आठवड्यानं चिटणीस आले. माणूस विम्याच्या कचेरीतून आलेला, जन्मात चेंडूला पाय न लावलेला, पण उत्साहानं उतू जाणारा.

"दादा, काम फक्कड झालंय. पण हा वरीलप्रमाणे संघ कुठला हो? पाच वेळा जिंकलाय. एवढं तर कुणीच जिंकलं नाही."

चूक आत्ता कुठं दादांच्या ध्यानात आली. खरं बोलावं तर काम जातं. "जुना संघ," ते कोरणी पुसत म्हणाले. "आता नाही राहिला."

"अरेरे. म्हणजे इतिहासानं अन्यायच केला की. या अंतिम सामन्याला त्यांचा सत्कार करू."

पेपरात जिंकलेल्या वर्षांच्या यादीसकट निवेदन आलं : 'वरीलप्रमाणे'च्या हयात खेळाडूंनी संपर्क साधावा. कोण येणार, म्हणून दादा निर्धास्त होते. तर आले सतरा जण. त्यांतले पाच गोलरक्षक. एकानं तर संघाचा सदराही आणला. रंग उडालेला, त्यामुळे कुणाला हरकत घेता येईना. चिटणीसांनी सतरा शालींची ऑर्डर दिली.

मग एका दुपारी काठी टेकत एक म्हातारा दुकानात आला. बंदर कामगारचा जुना गोलरक्षक.

"चषक इथंच असतो ना? पेपरात वाचलं. विसाव्या वर्षी म्हणे वरीलप्रमाणेनं आम्हाला हरवलं."

"काका, बसा."

"मला आपलं वाटत होतं, आम्हीच जिंकलो. पेनल्टी अडवली होती मी. पण चांदीवर कोरलंय म्हणजे खरंच असणार. सूनबाई म्हणते तेच खरं, डोकं चालत नाही माझं आता." म्हातारा ओशाळं हसला. "किती गोल खाल्ले असतील हो मी?"

दादांना राहवेना. "एकही नाही, काका. तुम्हीच जिंकलात. यादीत वरीलप्रमाणे लिहिलं होतं, म्हणजे वरचाच संघ. मी गाढवानं तेच कोरलं."

म्हाताऱ्यानं चषक जवळ ओढून पट्टा न्याहाळला. मग म्हणाला, "आणि ते सतरा जण?"

"त्यांचं काय ते त्यांनाच ठाऊक."

म्हातारा असा हसला की काठी खाली पडली. ती उचलायचंही त्याला सुचेना.

संध्याकाळी दादांनी चिटणीसांना बोलावून सगळं सांगितलं आणि म्हणाले, "यंत्रवाल्याला सांगा आता."

चिटणीसांनी कपाळाला हात लावला. मग पट्ट्यावरून बोट फिरवत म्हणाले, "पट्टा नवा करावा लागेल. सत्कार बंदर आणि रेल्वेवाल्यांचा करू, शाली त्यांनाच घालू. आणि यंत्र कशाला? असलं अक्षर यंत्राला येतंय होय? यादी तेवढी मी स्वतः लिहून देतो, एकेक नाव पूर्ण."

ते गेल्यावर दादा वहिनींकडे वळले. "अगं, वाचताना तुला एकदाही शंका आली नाही?"

वहिनी चषक पुसत होत्या. फडकं थांबलं.

"पहिल्याच वरीलप्रमाणेला आली होती," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या हाताकडे बघितलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा तो थरथरत नव्हता. मग म्हटलं, कोण जिंकलं ते मागाहून बघू. आणि वाचत राहिले."