पाचाचे सात

“मॅडम, तुमच्या कंपनीत शिरायला हुशार असावं लागतं, की नुसतं हुशार दिसलं तरी चालतं?”

शाळेच्या सभागृहात अशी शांतता पसरली, की मागच्या रांगेत कुणीतरी चोरून खात असलेल्या बिस्किटाचा कुरकुर आवाज थेट व्यासपीठापर्यंत गेला. हा प्रश्न विचारून दाखवायची पैज मैत्रिणींनी लावली होती. विचारणारीला घरी ‘तोफ’ म्हणत. गेल्या वर्षीपर्यंत ही तोफ हजेरीलासुद्धा नीट ‘हजर’ म्हणत नसे. मग वक्तृत्व स्पर्धेत चुकून पहिला नंबर आला, आणि तेव्हापासून तिचं तोंड म्हणजे टाकीचा बिघडलेला नळ झाला होता.

पाहुण्या मॅडम एका बड्या फायनान्स कंपनीत माणसं निवडायचं काम करत. बारीक चष्मा, करडे केस, आणि समोरच्याच्या दप्तरात काय काय आहे हे बाहेरूनच कळत असल्यासारखी नजर. त्या हसल्याही नाहीत, रागावल्याही नाहीत.

“आधी दिसावं लागतं, कागदावर. सुट्टीतल्या इंटर्नशिपच्या सहा जागांना नऊशे अर्ज येतात. एका रेझ्युमेला मी दहा सेकंद देते. ‘दुकानात मदत केली’ असं लिहिलं की मी पुढे जाते. मदतीनं काय बदललं, किती बदललं, याचा आकडा दिसला की थांबते. आणि मग त्याला समोर बसवून विचारते, की हा आकडा आणलास कुठून.”

शेवटचं वाक्य तोफेनं ऐकलं, पण ते कानातच ठेवलं, आत नेलं नाही. कारण तोवर ती मैत्रिणींकडे वळून विजयी मुद्रेनं भुवया उडवत होती. शिवाय तिच्या डोक्यात एकच दिवा पेटला होता: दादा!

दादा कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला होता. अकरा कंपन्यांकडे त्यानं अर्ज केले होते आणि अकराही कंपन्यांनी ‘आपल्याला पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा’ दिल्या होत्या. बारावी कंपनी या मॅडमचीच. ती शेवटची. इथेही शुभेच्छाच मिळाल्या तर दादा म्हणाला होता, की फायनान्सचा नाद सोडून मावशीच्या स्टेशनरीच्या दुकानात पट्ट्या विकायला बसेन. घाबरला की त्याला उचक्या लागत, आणि गेले तीन महिने घरात घड्याळाची टिकटिक कमी आणि दादाची उचकी जास्त ऐकू येत होती.

त्या संध्याकाळी दादा अजून कॉलेजातून आला नव्हता. घरच्या कॉम्प्युटरवर ‘रेझ्युमे_शेवटचा’ नावाची फाइल होती. तोफेनं ती उघडली आणि कपाळावर हात मारला. ‘कॉलेजच्या गुंतवणूक मंडळाचा सचिव.’ बरं, मग? ‘सुट्टीत स्टेशनरीच्या दुकानात मदत.’ हेच ते! याच वाक्यावरून मॅडमची नजर घसरून खाली पडणार होती.

तिनं बाह्या सरसावल्या. एक गोष्ट मात्र तिनं मनाशी पक्की केली, खोटं एक अक्षर लिहायचं नाही. सगळे आकडे खरे हवेत. टक्केवारी तिला झकास जमायची, कारण ती तिला खुद्द दादानंच शिकवली होती. तासाभरात रेझ्युमे असा काही टुमटुमीत झाला, की तो वाचून तिलाच दादाबद्दल आदर वाटायला लागला. तिनं त्याच नावानं फाइल जपून ठेवली.

दुसऱ्या दिवशी जेवताना दादा म्हणाला, “पाठवला एकदाचा.”

“कुठला?” तोफेनं शक्य तितक्या निरागसपणे विचारलं.

“शेवटचा. आता जे होईल ते होईल.” उचक्!

आठव्या दिवशी मुलाखतीचं बोलावणं आलं. आईनं दादाची पाठ थोपटली. बाबांनी चष्मा काढून पुसला. तोफ तर “हे कुणामुळे झालं माहितीये का?” असं म्हणण्यासाठी तोंड उघडणार, तेवढ्यात कानात ठेवलेलं ते वाक्य सरकत सरकत आत गेलं. समोर बसवून विचारते, की हा आकडा आणलास कुठून.

दादाला तर ते आकडे आहेत हेच ठाऊक नव्हतं!

पुढचे चार दिवस तोफ पुन्हा हजेरीला ‘हजर’ न म्हणणारी मुलगी झाली. तिला दिसायचं ते एकच दृश्य. लांबलचक टेबल, पलीकडे मॅडम, अलीकडे दादा. मॅडम विचारतायत, “हे चाळीस टक्के कसे आले?” आणि दादा म्हणतोय, “कुठले? उचक्!”

“पण तू खोटं कुठे लिहिलंस?” चष्मिश मैत्रिणीनं मधल्या सुट्टीत विचारलं. पैज मूळ तिचीच.

“नाही गं, सगळं खरंय. तेच तर! खरं असून इतकं खोटं वाटतं ना, की मलाच पटत नाहीये.”

“मग सांगून टाक दादाला.”

“सांगायला गेले की त्याला उचक्या लागतात. आणि उचक्या लागल्या की मला रडू येतं.”

काल तर ती अगदी त्याच्या खोलीच्या दारापर्यंत गेली होती. दादा आरशासमोर उभा राहून “मी स्वतःबद्दल थोडक्यात सांगायचं तर” हे वाक्य वेगवेगळ्या आवाजांत म्हणत होता. सात वेळा म्हणूनही त्या वाक्याच्या पुढे त्याला काही सुचत नव्हतं. तोफ आल्या पावली परतली.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी दादा नवा शर्ट घालून, काळी फाइल छातीशी धरून निघाला. दार लागलं तसे बाबा हात चोळत म्हणाले, “मी पण आपला खारीचा वाटा उचललाय बरं का.” बाबांचं फोटोफ्रेमचं दुकान होतं. साधा कागद त्यांना बघवत नसे. “काल कॉम्प्युटरवरून त्याच्या रेझ्युमेच्या तीन प्रती काढल्या. जाड, मोतिया कागदावर! त्या फाइलमध्ये ठेवल्यात. काच लावायची फार इच्छा होती, पण आवरलं.”

म्हणजे कंपनीकडे एक आणि फाइलमध्ये तीन! तोफ मटकन खुर्चीत बसली. आई नर्स होती, रात्रपाळी करून नुकतीच आली होती. घरात कुणाचाही चेहरा पडला की ती आधी मनगट धरायची, मग कारण विचारायची.

“एकशे वीस,” ती घड्याळाकडे बघत म्हणाली. “काय केलंस?”

तोफेनं सगळं सांगितलं. बाबांचा चेहरा मोतिया कागदासारखा झाला. आईनं मनगट सोडलं.

“रिक्षा कर आणि जा. आत जायच्या आधी गाठ त्याला. हं, पळ! आणि पायात नीट काहीतरी घाल!”

हे शेवटचं वाक्य तोफेपर्यंत पोचलं नाही. म्हणून मग अर्ध्या तासानं त्या काचेच्या इमारतीच्या चौदाव्या मजल्यावर, जिथे माणसांपेक्षा झाडांच्या कुंड्या जास्त घाबरलेल्या दिसत होत्या, तिथे एक मुलगी शाळेच्या गणवेशात आणि बाबांच्या अंघोळीच्या चपलांत फटक फटक करत धावत आली. सोफ्यावर ताठ बसलेले सहा उमेदवार एकदम वळले. सातवा दादा होता. तो वळला नाही, तो गोठला.

“दादा, ऐक, एक मिनिट ऐक—”

तेवढ्यात आतलं दार उघडलं. करडे केस, बारीक चष्मा. पण तोफ आता भरलेली होती, आणि भरलेली तोफ समोर येईल त्याच्यावर उडते.

“मॅडम, ते चाळीस टक्के त्यानं नाही लिहिले! मी लिहिले! त्याला काहीच माहीत नाही! त्याला काही विचारू नका, मला विचारा!”

मॅडमनी चष्मा किंचित खाली केला. “तू ती प्रश्नवाली ना? आणि कुठले चाळीस टक्के?”

“रेझ्युमेतले.”

मॅडमनी हातातला कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. “यात तर एकही टक्का नाही.”

तोफेनं मान लांब करून पाहिलं. ‘सुट्टीत स्टेशनरीच्या दुकानात मदत.’ तोच जुना, मिळमिळीत रेझ्युमे! दादाच्या घशातून बारीक आवाज आला, “मी त्या दिवशी दुपारीच कॉलेजातून पाठवला होता गं. पेन ड्राइव्हवरच्या जुन्या प्रतीवरनं. उचक्!”

म्हणजे चार दिवसांची भीती फुकट. म्हणजे कुणाला काहीच कळलं नसतं. बाबांचा मोतिया कागद फाइलीत गपचूप झोपून राहिला असता, कारण भिंतीवर ठळक अक्षरांत पाटी होती, ‘सोबत आणलेली कागदपत्रे स्वीकारली जात नाहीत’. आणि आता सहा प्रतिस्पर्ध्यांच्या समोर, स्वतःच्या तोंडानं, तोफेनं दादाचा किल्ला आतून उडवला होता.

“मग ते चाळीस टक्के आहेत कुठे?” मॅडमनी हात पुढे केला. “बघू ती फाइल.”

दादानं फाइल दिली. म्हणजे मॅडमनी ती ओढली आणि दादाची बोटं उशिरानं सुटली. जाड कागद कडकडला.

“‘गुंतवणूक मंडळाच्या सभासदसंख्येत चाळीस टक्के वाढ.’ किती होते?”

“पाच,” तोफ म्हणाली.

“किती झाले?”

“सात. दोघं नवीन आले. एक पंख्याखाली बसायला येतो.”

एका उमेदवाराला खोकला आला.

“‘दुकानातल्या तक्रारी निम्म्यावर आणल्या.’”

“दोघं जण तक्रार करायचे. त्यातले एक आजोबा दुसरीकडे राहायला गेले.”

“‘निर्णय घेण्याचा वेळ पंचाहत्तर टक्क्यांनी घटवला.’”

“आधी त्याला सकाळी शर्ट निवडायला बारा मिनिटं लागायची. आता तीनच लागतात.” तिचा आवाज आता बुडबुड्यासारखा येत होता. “मी घड्याळ लावून मोजलंय. खरंच.”

दादानं डोळे मिटून घेतले होते. उचक्या इतक्या लागोपाठ येत होत्या, की सोफा हलत होता.

“‘विद्यार्थ्याच्या गणिताच्या गुणांत तीनशे टक्के वाढ.’” मॅडम थांबल्या. दहा सेकंद झाली, वीस झाली. “या शिकवण्याचं तर मूळ कागदावर नावही नाही. विद्यार्थी कोण?”

“मी,” तोफ म्हणाली. “पंचवीसपैकी चार होते. नंतर सोळा झाले. त्यानं रोज शिकवलं, दोन महिने, स्वतःची परीक्षा असताना. रेझ्युमेत का नाही लिहिलंस म्हटलं तर म्हणतो, ते काय, घरातलंच आहे.”

एवढं बोलून मात्र तिला खरोखरच रडू आलं. मॅडमनी कागदाची घडी घातली आणि दादाला म्हणाल्या, “चला आत.” आवाजात काहीच नव्हतं, ना राग, ना दया. दार बंद झालं.

पंचेचाळीस मिनिटं तोफ कुंडीशेजारी बसून राहिली. आधी आत जाऊन आलेल्यांना पंधरा पंधरा मिनिटं दिली होती असं कुणीतरी कुजबुजलं. इतका वेळ रागवायला लागतो? पोलीस वगैरे बोलावतात का अशा वेळी? तिनं स्वतःचं मनगट धरून पाहिलं. नाडी सापडली नाही. मग तर ती जास्तच घाबरली.

दादा बाहेर आला. शर्ट ओला, केस विस्कटलेले. पण काहीतरी वेगळं होतं. लिफ्टमध्ये शिरल्यावर ते तिच्या लक्षात आलं. उचकी नव्हती.

“काय विचारलं रे?” तिनं भीत भीत विचारलं.

“तुझा कागद पुढे ठेवला आणि म्हणाल्या, यातल्या प्रत्येक आकड्यात काय लपवलंय ते सांग. कंपन्यांचे अहवाल असेच वाचायचे असतात म्हणाल्या.” दादा कपाळ पुसत होता. “सांगितलं. माझंच तर सगळं होतं! मग म्हणाल्या, पंचवीसपैकी चार मिळवणाऱ्या मुलीला टक्केवारी कशी समजावलीस, ते मला समजावून दाखव. तिथे अर्धा तास गेला.”

“आणि मग?”

“तुझ्यासाठी निरोप दिलाय. हुशार असावंच लागतं म्हणे. दिसायचं काय, ते कुणाच्याही बहिणीला जमतं.”

तीन दिवसांनी संध्याकाळी ईमेलवर पत्र आलं. शुभेच्छा नव्हत्या. रुजू होण्याची तारीख होती. दादाला एकच उचकी लागली, ती आनंदाची. बाबांनी ते पत्र छापून घेतलं आणि या वेळी आवरलं नाही, थेट काच लावली. आईनं सगळ्यांच्या नाड्या तपासून त्या ठीक असल्याचं जाहीर केलं.

जेवायला बसल्यावर बाबा फुशारून म्हणाले, “आता आमची तोफ पण फायनान्समध्येच जाणार! नऊशे अर्जांत हिचा अर्ज बघायचा, कसा चमकेल!”

नऊशे अर्ज, चौदावा मजला, काळी फाइल. तोफेचा घास हातातच राहिला. मग तिनं तो ताटात ठेवला, घसा साफ केला आणि वक्तृत्व स्पर्धेत उभी राहते तशी उठून उभी राहिली.

“आई, बाबा, मी ठरवलंय. फायनान्समध्ये मी नक्की जाणार. पण त्या टेबलाच्या अलीकडे मी जन्मात बसणार नाही. मी थेट पलीकडे बसणार, जिथे बसून विचारतात.”