शेवंतीच्या डोळ्यातलं हिरवं

आमचे शेजारी डॉक्टर परचुरे वरात आली की रस्त्यावर यायचे, पण नवरदेवाकडे त्यांनी कधी पाहिलं नाही. ते घोडीचे डोळे बघायचे. आधी डावा, मग पुढून वळसा घालून उजवा. दोन्ही ठीक असले तर घोडीला "छान" म्हणून घरी परतायचे. बँडवाल्यांना वाटायचं, म्हाताऱ्याला आपलं गाणं आवडलं.

जन्मभर त्यांनी घोड्यांवर उपचार केले. निवृत्तीनंतर विश्रांतवाडीत आमच्या शेजारच्या बैठ्या घरात एकटे राहिले. फाटकावर पाटी होती : 'घोड्याचा डोळा दुखत असल्यास बेल केव्हाही वाजवावी. माणसांनी चार ते पाच.'

"घोडा कण्हत नाही हो मास्तर," ते मला सांगायचे. "डोळा दुखला की त्याच्या वरच्या पापणीचे केस खाली झुकतात. एवढीच त्याची तक्रार." सोसायटीच्या सभेत ते एकदा अध्यक्षबाईंना म्हणाले, "आज आपल्या पापण्या खाली दिसतात. काही दुखतंय का?" बाईंनी सभा तहकूब केली.

गेल्या महिन्यात डॉक्टर गेले. शोकसभेत हे किस्से निघाले, लोक हसले. मग शेवंतीचा किस्सा निघाला. वयामुळे डॉक्टरांना बरा झालेला डोळाही ओळखता येईना आणि बिचाऱ्या घोडीवाल्याची लग्नं बुडाली, असा तो सांगतात. खरं काय ते आता फक्त मला माहीत आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळी आळंदी रस्त्यावर वरात चालली होती. शेवंती नावाची पांढरी घोडी उजवा डोळा अर्धा मिटून चालत होती. गालावर पाण्याचा ओघळ. डॉक्टर सरळ आडवे गेले.

"बँड थांबवा."

"अहो आजोबा, मुहूर्त टळेल!" नवरदेवाचा मामा ओरडला.

"मुहूर्त गुरुजी दुसरा देतील. डोळा कोण देणार? नवरदेवाला पाय आहेत ना?"

नवरदेव नव्या बुटांना जपत कार्यालयापर्यंत चालत गेला. घोडीवाला बबन धानोरीचा. त्याला डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून?"

"सकाळच्यानं हाय. डोक्यावरच्या तुऱ्याची तार लागली. घरात माझ्या डोळ्याची ट्यूब व्हती, ती घातली थोडी."

बबनने ट्यूबचं नाव सांगताच डॉक्टरांचा आवाज चढला. "अरे, त्यात स्टेरॉइड आहे! जखमेवर ते घातलंस तर बुबुळ विरघळेल. तुझा डोळा तुझा, तिचा तिचा!"

बबनच्या गोठ्यात धूळ आणि माश्या, शिवाय शेवंती भिंतीला डोळा घासायची. म्हणून डॉक्टरांनी तिला स्वतःच्या अंगणात बांधलं. डोळ्यांवर जाळीचा मुखवटा चढवला, दर दोन तासांनी औषध. सोसायटीची नोटीस आली, तिच्याच मागच्या बाजूला लिदेचा हिशेब लिहून त्यांनी ती परत पाठवली : 'बागेस खत हवे असल्यास घेऊन जावे.'

रोज सकाळी तपासणी. रंगाची पट्टी डोळ्याला टेकवायची, निळी बॅटरी मारायची. जखम असेल तेवढंच हिरवं चमकतं. बॅटरी धरायचं काम माझं. सुरुवातीला ज्वारीच्या दाण्याएवढा डाग होता. मग तो मोहरीएवढा झाला. एका सकाळी काहीच दिसलं नाही. बुबुळ स्वच्छ, काळंभोर, त्यात आम्ही दोघे म्हातारे वाकलेले.

तेवढ्यात बबन आला. "हाय का अजून?"

डॉक्टर बराच वेळ वाकून बघत राहिले. "आहे थोडं हिरवं," ते म्हणाले. "हो ना मास्तर?"

"दिसतंय," मी म्हणालो.

बबनने एका लग्नाची सुपारी परत केली. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या लग्नाची. दोन्ही वेळा मी बॅटरी धरली आणि दोन्ही वेळा मान हलवली. तिसऱ्यांदा तो आला तेव्हा त्याने विचारलंदेखील नाही. शेवंतीच्या मानेवर हात फिरवला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ द्या डाक्टर, पायजे तेवढं ऱ्हाऊ द्या. लग्नं काय, व्हत ऱ्हातात. तुमी म्हनता तर आसंल."

डॉक्टरांचा चेहरा पडला. त्यांनी स्वतःच दावं सोडलं आणि बबनच्या हातात दिलं. "घेऊन जा. बरा झालाय."

"आत्ता?"

"हो, आत्ता. जा म्हटलं ना!"

फाटकापर्यंत ते तिच्या उजव्या अंगाने चालत गेले. मग आत येऊन पायरीवर बसले. मी शेजारी बसलो.

"मास्तर, तुम्हाला हिरवं दिसत होतं?"

"नाही."

"मग बोलला का नाहीत?"

अंगणात खुंटा तेवढा उरला होता.

"सकाळी मी दाराची कडी काढली की ती खिंकाळायची," डॉक्टर म्हणाले. "मी उठलो, हे कुणाला तरी कळायचं."

आमच्या दोन घरांत एकच भिंत. पुढेही कित्येक वर्षं रोज सकाळी त्यांची कडी मला ऐकू यायची. मी कधी हाक मारली नाही.