नानांच्या शटरवरचं पावणं

आमच्या समोर राहणारे दत्तूनाना घरात आलेल्या प्रत्येक यंत्राला पावणं म्हणतात. पंखा, मिक्सर, पाण्याची मोटर, सगळे पावणे. नवा मिक्सर आला तेव्हा तो हळदकुंकू लावून कितीतरी दिवस टेबलावर नुसता बसून होता आणि नानांच्या पत्नी सुशीलाकाकी पाट्यावर चटणी वाटत होत्या. मी विचारलं, "मिक्सर बिघडला का हो?" नाना माझ्यावरच डाफरले. "शैला, पावण्याला आल्याआल्या कामाला जुंपत्यात व्हय?"

नानांचा जन्म गेला गुळाच्या सौद्यात ओरडण्यात. त्यामुळे ते डाफरतात तेव्हा मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत कुणाच्याच कानांतून काही सुटत नाही.

मुलीच्या आग्रहाखातर नानांनी गेल्या वर्षी नवी गाडी घेतली. तिच्या आरशाखाली एक बटण आहे. गॅरेजच्या शटरच्या मोटरशी त्याची एकदा जोडणी केली, की गाडीत बसल्याबसल्या शटर उघडतं आणि मिटतं. नाना हे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. प्रत्यक्षात जोडणी कधी झालीच नव्हती. नाना खाली उतरत, हातातला रिमोट शटरला जवळजवळ टेकवून दाबत आणि पुन्हा गाडीत जाऊन बसत. कुणी हसलं तर म्हणायचे, "लाजतंय पावणं. रुळंल की!"

मग काकी न्हाणीत घसरल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं. त्यांना घरी सोडणार त्याच्या आदल्या दिवशी नाना सकाळीच माझ्या दारात.

"शैला, उद्या सुशीला येतीया. शटर गाडीतनंच उघडाय पायजे. आन् मिटाय बी गाडीतनंच पायजे."

"त्यात काय? मी आत थांबते, मी उघडते."

"न्हाय. तू गाडीत पायजेस, तिला धराय. गाडी गल्लीत थांबता कामा न्हाय. सरळ आत."

मला वाटलं, मिरवायची हौस. पण अर्धवट पडलेलं काम मला बघवत नाही. गाडीचं पुस्तक वाचून पायऱ्या कागदावर उतरवल्या. रिमोटसाठी नवा सेल, शिडी आणि शिट्टी घेऊन मी हजर झाले.

सेल बदलला. रिमोट आरशाखालच्या बटणाजवळ धरून दोन्ही बटणं एकदम दाबून ठेवली. दिवा भराभर लुकलुकला. गाडी रिमोटची भाषा शिकली! आता मोटरच्या डबीवरचं बटण दाबायचं आणि अर्ध्या मिनिटाच्या आत गाडीतलं. नाना शिडीवर चढले, बटण दाबलं आणि मोटरला हात जोडून म्हणाले, "बरं का पावणं, ही आपली गाडी. घरचीच हाय. संभाळून घ्या..."

वेळ संपली.

"नाना, पटकन उतरायचं!"

"वळख करून द्याय नको?"

दुसऱ्यांदा ते मोटरवरची धूळ पुसत बसले. शेवटी मी शिडीवर चढले, त्यांना गाडीत बसवलं. मी शिट्टी फुंकली की त्यांनी दाबायचं, तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. शिट्टी फुंकली. खडखड करत शटर हललं! नानांनी आनंदाने हॉर्नच दाबून धरला. शेजारच्या गिरणीतला जोतीराम पिठानं माखलेला धावत आला.

पण गाडी गल्लीच्या तोंडाशी नेली आणि पुन्हा ढिम्म. मधल्या खांबापाशीही तेच. गाडीचं नाक शटरला टेकेपर्यंत आणलं तेव्हा कुठे ते उघडलं.

"नाना, मंतर म्हणून बघा की," जोतीराम म्हणाला.

नाना ओरडले नाहीत. स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. "उद्याच येतीया गं ती," एवढंच म्हणाले.

मी विचार केला. हातातला रिमोटही जवळूनच चालतो, गाडीतलं बटणही जवळूनच. म्हणजे गाडीला दोष नाही; मोटरलाच ऐकू कमी येतंय. पुन्हा शिडीवर चढले. मोटरची एक बारीक वायर मोकळी लोंबायला हवी, हवेतला इशारा तीच पकडते. इथे ती लोखंडी दांड्याला घट्ट वेढून वर लिंबूमिरची बांधलेली होती.

"नाना, हे कुणी केलं?"

"मीच. पयल्याच दिवशी. पावण्याचं धोतार सुटल्यागत दिसत हुतं गं! चारचौघांत बरं दिसतंय व्हय?"

मी लिंबूमिरची काढली, वायर मोकळी सोडली. नानांनी गाडी थेट गल्लीच्या तोंडाशी नेली. बटण दाबलं. शटर वर! पुन्हा दाबलं. खाली! वर! खाली! पोरं नाचायला लागली, खिडक्या उघडल्या. शेवटी जोतीरामने हात जोडले. "आवं बास की! जळंल मोटर!"

दुसऱ्या दिवशी गल्ली भाकरतुकडा ओवाळायला दारात उभीच होती. गाडीत काकी पुढे, मी मागे. कोपऱ्यावरच नानांनी बटण दाबलं, गाडी न थांबता आत शिरली आणि कुणी पाऊल उचलायच्या आत शटर खाली आलं.

"नाना! तोंडावर शटर?" बाहेरून जोतीराम बोंबलला.

नानांनी उतरून काकींच्या बाजूचं दार उघडलं. आम्ही दोघांनी काकींना उचलून भाड्याने आणलेल्या चाकाच्या खुर्चीत घेतलं, तिथून नानांनी मांडून ठेवलेल्या वेताच्या आरामखुर्चीत. त्यात काकी एकदा कळवळल्या. ज्या बाईला गल्लीने कधी विस्कटलेल्या केसांनी पाहिलं नव्हतं, तिच्या अंगात दवाखान्यातला गाऊन होता. नानांनी गाऊनवर शाल पांघरली. खिशातून कंगवा काढला आणि अवघडल्या हातांनी तिचे केस विंचरू लागले. मी भिंतीकडे बघत उभी राहिले.

"दुखतंय?" हा आवाज मी नानांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"न्हाय."

"उघडू?"

"थांबा की. टिकली."

टिकलीही खिशातच होती. जरा तिरकी लागली. मी ती सरळ करायला गेले नाही.

"उघडा आता," काकी म्हणाल्या आणि ताठ बसल्या.

नानांनी गाडीत वाकून बटण दाबलं. शटर वर सरकू लागलं, तशी त्यांनी चाकाची खुर्ची पायाने गाडीच्या पलीकडे, गल्लीच्या नजरेआड ढकलून दिली.