पान अकरावरची म्हैस

प्राध्यापक जोतीराम खराडे दाढीला साबण लावून आरशासमोर उभे होते, तेवढ्यात बाहेरून कुणीतरी हाळी दिली, "सर, हायसा का घरात? तुमची म्हस आणलीया!"

सरांकडे म्हैस नव्हती. मंगळवार पेठेतल्या त्या दोन खोल्यांत पुस्तकं सोडून दुसरं काही मावतच नव्हतं. ते तसेच साबणाच्या तोंडानं बाहेर आले. गंगावेशीत गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध विकणारा लालासाब फाटकाला एक दांडगी म्हैस बांधत होता. तिच्यामागं मान खाली घालून सरांचा मेहुणा उभा होता, मुरगूडचा ज्ञानू. पण सरांची नजर गेली ती लालासाबच्या काखेतल्या पातळ पुस्तकावर. ते पाहून त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पुस्तक सरांचंच होतं. जर्मनीतल्या एका महाअवघड तत्त्वज्ञाचे विचार सामान्य वाचकाला समजावेत म्हणून त्यांनी ते सहा वर्षं खपून लिहिलं होतं. छापणाऱ्यानं एकच अट घातली होती, "उदाहरणं आपल्या लोकांच्या घरातली द्या." म्हणून सरांनी उदाहरणाला म्हैस घेतली होती. पुस्तक मात्र सामान्य वाचकानं घेतलं नव्हतं. शेवटी गठ्ठे पलंगाखाली सरकवून त्यांनी नातेवाइकांना फुकट प्रती वाटल्या होत्या.

"वाचलंत?" सरांनी हरखून विचारलं.

"वाचायला लागलं," लालासाब म्हणाला. "ही म्हस ह्या तुमच्या मेव्हण्यानं मला इकली. म्हणाला, गायीवानी गरीब हाय. धारंला बसलो की लाथ! गिऱ्हाइकं लांब पळाय लागली. परत घे म्हटलं, तर ह्यानं माझ्या हातात हे पुस्तक ठेवलं. म्हणतोय, पान अकरा बघ!"

सरांना पान अकरा पाठ होतं. 'समजा, तुमच्या अंगणात म्हैस आहे. तुम्हाला दिसते ती म्हैस आणि खरी म्हैस या दोन वेगळ्या गोष्टी होत. खरी म्हैस कशी आहे, हे कुणालाही, कधीही कळणार नाही.'

"मग दाजी," ज्ञानूला आता कंठ फुटला, "मला ती गरीब दिसली, म्या गरीब सांगितली. खरी कशी हाय ते जर्मनीतल्या एवढ्या शाण्याला कळंना, मला मुरगुडात बसून कसं कळावं?"

"म्हणून तर सरांच्या दारात बांधली," लालासाब म्हणाला. "ज्यानं लिवलं त्यानं निस्तरावं."

एव्हाना शेजारपाजार गोळा झाला होता. इतका मोठा वर्ग सरांना कॉलेजात कधी मिळाला नव्हता. ते रंगात आले. "थांबा, तुमचा गोंधळ होतोय. त्या तत्त्वज्ञाचं म्हणणं असं..." म्हणत त्यांनी म्हशीच्या पाठीवर थाप मारली. पुढच्या क्षणी सर फाटकापलीकडं शेणात बसले होते.

लालासाबनं त्यांना हात देऊन उठवलं आणि गंभीरपणे विचारलं, "सर, ही आत्ता दिसली ती लाथ, का खरी लाथ?"

जमलेल्यांचा हशा ऐकून शालूबाई पदर खोचून बाहेर आल्या. त्यांनी आधी नवऱ्याकडं पाहिलं, मग म्हशीकडं, मग भावाकडं.

"ज्ञान्या, सोड ती म्हस आन् घरला ने. लालासाबचं पैसं देऊन टाक."

"आक्का, पर पुस्तकात..."

"पुस्तक माझ्या नवऱ्यानं लिवलंय आन् म्हस माझ्या बापाच्या गोठ्यातली हाय. मी दोन्ही वळखते. हिची आईबी लाथच मारायची."

ज्ञानूनं मुकाट्यानं कासरा सोडला. सरांना हायसं वाटलं, आणि थोडं वाईटही. सहा वर्षांचं काम शालूबाईंनी एका दमात निकालात काढलं होतं.

पण लालासाब जाईना. पुस्तक चाळत तो म्हणाला, "भांडायला यायचं म्हणून तीनदा वाचलं बगा. एक शंका हाय. खरी म्हस कुणालाच कळत न्हाय म्हणता. मग ती हाय, एवढं तरी त्या जर्मन पावण्याला कुणी सांगितलं?"

सरांच्या गालावरचा साबण वाळून गेला होता. हाच प्रश्न मोठमोठ्या पंडितांनी त्या तत्त्वज्ञाला घातला होता. सामान्य वाचकाला झेपणार नाही म्हणून सरांनी ते अख्खं प्रकरण गाळलं होतं. शिवाय त्याचं उत्तर त्यांना स्वतःलाही नीट सापडलं नव्हतं.

"विचार करून सांगतो," ते पुटपुटले.

"सावकाश सांगा. मी रोज सकाळी गंगावेशीत असतोयच."

दुसऱ्या दिवशी शालूबाईंनी सरांच्या हातात किटली देऊन त्यांना दुधाला पिटाळलं. लालासाबनं दुसरी म्हैस उभी केली होती आणि तिच्याभोवती पंधरा-वीस गिऱ्हाइकं होती. सर दिसताच सगळ्यांनी बाजूला सरून त्यांना पुढं वाट दिली. सरांनी किटली पुढं केली.

लालासाबनं धार थांबवली. "आदी उत्तर, सर," तो म्हणाला, "ही माणसं तासभर थांबल्याती."