मातीला सांगितलेली मुदत

"सरकारचे निम्मे कायदे माझ्याच कागदावर लिहिलेत! मला परवानगी नाकारायची कुणाची छाती आहे?" असं बदरुद्दीन कागदी जुन्नरच्या बाजारात सांगत सुटला, तेव्हा हातात चांगले चार महिने होते.

चिंध्यांचा लगदा करून कागद बनवायचा आणि दगडानं घोटून गुळगुळीत करायचा, हा त्याचा धंदा. कचेरीतली जुनी दप्तरं जुन्नरी कागदाची, म्हणून कायदा आपल्या घरचाच, असा त्याचा हिशेब!

परवानगी हवी होती ती बापाला कबरीतून काढून आणायची. वडील राजमहंमद हिरड्याचे व्यापारी. हिरडा घ्यायला डोंगरात तळेघरला गेले, तिथं ताप चढला आणि तिसऱ्या दिवशी गेलेच. जुन्नर दोन दिवसांच्या वाटेवर. बरोबर बदरुद्दीनचा चुलतभाऊ मेहबूब होता, त्यानं त्यांना तिथंच 'अमानत' ठेवलं. म्हणजे पुरताना मातीला मोठ्यानं सांगायचं, की बाई, ही ठेव आहे, अमुक मुदतीत आम्ही घेऊन जाऊ. मुदत टळली, की माती ठेव परत देत नाही. मग ती कबर पुन्हा उघडायची नाही, अशी समजूत.

अमानत ठेवलंय, एवढंच घरी सांगून मेहबूब मुंबईला जहाजावर नोकरीला निघून गेला; मुदत किती, ते विचारायचं राहूनच गेलं. जुन्नरात मुदत वर्षाचीच सांगायची रीत. तेव्हा बदरुद्दीन वर्ष धरून बसला.

आणि घरात अम्मा! जैबुन्निसानं जुन्नरच्या कबरस्तानात नवऱ्याच्या शेजारी आपली जागा आधीच ठरवून ठेवली होती. दर गुरुवारी ती एकच विचारायची, "आणलंस?"

"आणतो, अम्मा! कागद माझा, शाई माझी, अर्ज माझा!"

बदरुद्दीननं आपल्या कारखान्यातला सर्वांत देखणा कागद काढला, दोन दिवस घोटला आणि त्यावर अर्ज लिहून जुन्नरच्या कचेरीत नेला. कारकुनानं कागदावरून हात फिरवला.

"वा! काय कागद आहे! पण तिकीट कुठंय?"

"कसलं तिकीट?"

"सरकारी. त्याशिवाय अर्ज नाही."

"अहो, हा कागद शंभर वर्षं टिकेल!"

"टिकू दे. तिकीट लावा."

बदरुद्दीन रुसला! आपल्या कागदाला परक्याचं ठिगळ लावायचं? या रुसव्यात महिना गेला. मग गुपचूप तिकीट लावून आला, तर कारकुनानं आता मजकूर वाचला. "तळेघर? ते आंबेगाव पेट्यात येतं. त्याची कचेरी घोडेगावला, तिकडं जा."

घोडेगावला विचारलं, माणूस कशानं गेला? पटकीनं की तापानं? पाटलाच्या दप्तरातला उतारा आणा. उतारा आला. मग, हाडं कुठं नेणार? तिथल्या काजींचं पत्र आणा. पत्र आणलं. तोवर बदरुद्दीनची झोप उडाली. कामावर बसला, की एकच ताव इतका घोटायचा, की त्याला भोक पडायचं.

वर्ष भरायला सहा दिवस उरले, तेव्हा परवानगी हाती आली. खाली एक ओळ होती: गावची हरकत नसल्याबद्दल पाटलाची सही व पंचांचे अंगठे घ्यावेत.

"एवढंच ना!" असं म्हणून त्यानं तट्टावर लाकडी पेटी बांधली आणि निघाला. वाटेत तट्टू लंगडलं, मग पेटी स्वतःच्याच डोक्यावर! दोन दिवसांच्या वाटेला पाच लागले. तळेघरला पोचला तो वर्षाचा शेवटचा दिवस होता, आणि दुपार टळून गेली होती.

बापाची कबर पाहून तो जागीच थिजला. कबरीवर हिरवं फडकं, भोवती दगडांचा कट्टा, शेजारी नारळाच्या करवंट्यांचा ढीग! एक बाई कपाळ टेकून उठत होती.

"ही कबर राजमहंमदांचीच ना?" त्यानं भीत भीत विचारलं.

"हिरडेबाबाची!" बाई म्हणाली. ही गोजरबाई. "माजी म्हस चार दिस गायब व्हती. बाबाला नवस बोलले, सांजच्याला दारात हजर! लई जागृत देवस्थान हाय, पावणं."

"बाई, ते माझे वडील आहेत. मी त्यांना न्यायला आलोय."

गोजरबाईनं अशी काही बोंब ठोकली, की भातखाचरांतून माणसं धावत आली! सगळ्यांच्या पुढं भिमाजी पाटील. बदरुद्दीननं परवानगी पुढं केली. पाटलानं ती दोन्ही बाजूंनी पाहिली.

"कागूद झ्याक हाय. पन अंगठं मिळायचं न्हाईत. बाबा आल्यापास्नं बिबट्या गावात शिरला न्हाई."

सूर्य डोंगराकडं झुकत होता. आज कबर उघडली नाही, तर अम्माला काय तोंड दाखवणार? तिच्या शेजारची जागा कायमची रिकामी राहणार! आणि मग त्या भल्या मुलानं आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं.

"अरे, कसला बाबा!" तो ओरडला. "माझा बाप तुम्हाला फसवायचा! हिरडा घेताना पायली हलवून हलवून दाबून भरायचा! दर पायलीला ओंजळभर जास्त न्यायचा!"

बदरुद्दीनला शरमेनं रडू फुटलं.

"आमास्नी ठावं हाय की!" पाटील शांतपणे म्हणाला. "आमीबी हिरड्यात खडं घालायचो. त्यास्नीबी ठावं व्हतं. लई गोड मानूस!"

"पाटील, पाया पडतो. आज वर्ष भरतंय. दिवस मावळला, की माती त्यांना सोडणार नाही. मेहबूबनं मातीला मुदत सांगितलीय हो!"

"मेहबूबनं? त्यो तर ढसाढसा रडत व्हता, तोंडातनं शबुद फुटंना. मला म्हनला, पाटील, माती तुमची, तुमीच सांगा."

"तुम्ही सांगितलंत? काय?"

"म्या म्हनलं, धरत्रीमाय, ह्यो जुन्नरचा पावना ठेव म्हनून ठिवतोय. लेक न्यायला यील तवा दे."

"आणि मुदत?"

"पावण्याला कुनी मुदत घालतंय व्हय, राव!"

बदरुद्दीन मटकन पेटीवर बसला. चार महिन्यांची धावपळ, भोकं पडलेले ते ताव, डोक्यावरून आणलेली पेटी! आणि आत्ताच साऱ्या गावासमोर बापाची काढलेली अब्रू! त्याला हसू आलं की रडू, हे त्याचं त्यालाच कळेना.

गोजरबाईला त्याची दया आली. "पाटील, लेकाला न्हाई कसं म्हनायचं? हाडं तुमची, घिऊन जावा. पन बाबा हितंच ऱ्हाऊ द्या."

हा तोडगा सगळ्यांना पटला. अंगठे उठले. सकाळी कबर उघडली, हाडं पेटीत ठेवली, कबर पुन्हा भरली आणि वर तेच हिरवं फडकं घातलं. गोजरबाईनं लगेच नवा नारळ फोडला.

जुन्नरला दफन नीट पार पडलं. अम्मा समाधानानं रडली. मग बदरुद्दीननं तिला फडकं, म्हैस, बिबट्या सगळं सांगितलं. पायलीचं तेवढं गाळलं.

"म्हणजे तिथं मागितलेलं मिळतं?" अम्मानं विचारलं.

"लोक तसं म्हणतात, अम्मा. पण आता तिथं काहीच नाही. अब्बा इथं आहेत."

अम्मानं पदरानं डोळे पुसले.

"इथं आणलास तो माझा नवरा," ती म्हणाली. "चाळीस वर्षांत त्यानं माझं एक ऐकलं नाही. ऐकणारा तू तिथंच ठेवून आलास! तट्टू बरं झालं, की मला तळेघरला ने."