बोलो, श्रेणी दोन

इंग्लंडमधल्या रीडिंग गावात आमच्या गल्लीत बत्तीस घरं आहेत. त्यांतली अकरा मराठी. सुरक्षेसाठी एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि त्याच्या संयोजक निवेदिता एका फायनान्स कंपनीत धोके मोजण्याचं काम करतात. ‘बोलो’ हा शब्द त्यांनीच आणला. अमेरिकेत पोलीस संशयितावर नजर ठेवायला सांगताना तो वापरतात, ‘बी ऑन द लुकआउट’चं लघुरूप, असं त्यांनी कळवलं. आपल्या ओळखीच्या बोलोशी त्याचा संबंध नाही. इथे बोलायचं नसतं, फक्त बघायचं असतं.

पहिला बोलो एका पांढऱ्या व्हॅनविषयी होता, दुसरा कोल्ह्याविषयी. मग रीसायकलिंगचा डबा बाहेर राहिला तरी बोलो, हापूसच्या पेट्या आल्या तरी बोलो. कोणता घाबरण्याचा आणि कोणता आंब्यांचा हे कळेना, म्हणून तीन श्रेणी ठरल्या: एक धोक्याची, दोन संशयाची, तीन आंब्यांची. माझं मत कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते माझ्याकडे निघालं असतं की नाही, याची मला खात्री नाही.

मंगळवारी श्रेणी दोनचा बोलो आला. ‘वयस्कर आशियाई पुरुष, तपकिरी मफलर. रोज अकरा वाजता हळूहळू चालतो. थांबून घरांचे नंबर वाचतो.’ सोबत कुणाच्या तरी दारावरच्या कॅमेऱ्यातला फोटो. मी सवयीने अंगठा दिला आणि नंतर फोटो उघडला.

नंबर मी वाचतो खरा. लायब्ररीपर्यंतच्या रस्त्यात वाचायला दुसरं काही नसतं.

“बाबा, हे तर तुम्हीच!” माझा मुलगा पुष्कर लॅपटॉपवरून मान वर करून म्हणाला. “अंगठा कशाला दिलात?”

“आधीच एकोणीस होते. त्यांत सातवा तुझा आहे.”

“मी मीटिंगमध्ये होतो.”

नियम असा, की बोलो उठेपर्यंत त्या इसमाने गल्लीतून फिरू नये. म्हणजे लायब्ररी बंद. दिवसभरात मी घराबाहेर जातो ते तेवढंच. बोलो उठवायला तीन रहिवाशांना फोटो ओळखावा लागतो. शिवाय ज्याने अंगठा दिला त्याला हरकत घेता येत नाही, त्यामुळे पुष्कर बाद झाला आणि मीही.

संध्याकाळी निवेदिता घरी आल्या.

“काका, प्लीज पर्सनली घेऊ नका हं. प्रोसेस आहे ती.”

“पण तुम्ही मला ओळखता ना? सहा वर्षं दर दिवाळीला भेटतो आपण.”

त्यांनी फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “खरं सांगू? आम्ही सगळे वाकून नमस्कार करतो आणि फराळाकडे वळतो. चेहरा असा... तुमचे मोजे दाखवता का जरा?”

मी चप्पल काढली.

“अय्या, हो! हे काकाच!” त्यांना मनापासून आनंद झाला. “पण फॉर्ममध्ये पायांचा कॉलम नाहीये हो.”

“मग उपाय काय?”

“एक आहे. बोलो टाकणाऱ्या मेंबरवर बोलो राहत नाही. तुम्ही एक टाका. श्रेणी दोनच लागेल. तुमचा आपोआप उठेल.”

“मला संशयित कोणी दिसलं नाही.”

“दिसत कुणालाच नसतं, काका. बघावं लागतं.”

दोन दिवस मी खिडकीत बसलो. पोस्टमन आला, पण तो मला रोज गुड मॉर्निंग म्हणतो. समोरच्या बाई कुत्र्याला घेऊन गेल्या. कुत्राही सज्जन आहे. कुणाचं नाव घ्यावं असं धैर्य माझ्यात नाही, आणि लायब्ररी सोडावी इतकं मोठं मनही नाही. शेवटी शुक्रवारी मी, ज्याला मी ओळखतच नाही अशा माणसाचं वर्णन लिहिलं. ‘मध्यम उंची. बराच वेळ एकाच जागी. समोरच्या मजकुरावर नजर. मधूनच स्वतःशी हसण्याची शक्यता. कोण वाचतंय ते सांगता येत नाही.’

पाच मिनिटांत चोवीस अंगठे आले. शनिवारी मी लायब्ररीत जाऊन आलो.

हे वाचणाऱ्या आपणांस त्रास व्हावा असा माझा हेतू नव्हता. तूर्त कृपया आहात तिथून हलू नका. ओळख पटवायला तीन माणसं लागतात. आपला चेहरा ओळखतील अशी आहेत का, तेवढं मोजून ठेवा.