अण्णांचा सोवळ्यातला लॅपटॉप

वापरल्याने वस्तू झिजते, हे निसर्गाचे सत्य आहे. सबब ती न वापरणे, हाच तिच्या दीर्घायुष्याचा एकमेव खात्रीचा उपाय होय. जे. पी. नगरातले आमचे शेजारी वादिराजअण्णा हा उपाय शास्त्रशुद्ध रीतीने अमलात आणणारे बेंगळुरूतले पहिले गृहस्थ असावेत. (दुसरा मी होणार होतो, घरून परवानगी मिळाली नाही.)

अण्णा सरकारी कारखान्याच्या तपासणी खात्यातून निवृत्त झाले. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही सदोष वस्तू बाहेर गेली नाही. (निर्दोषही फारशा गेल्या नाहीत.) मारतहळ्ळीला राहणाऱ्या त्यांच्या मुलीने, क्षमाने, आईवडिलांना नवा लॅपटॉप दिला, तेव्हा अण्णांनी त्याच्या पोटात ‘व्हर्च्युअल मशीन’ बसवून घेतले. म्हणजे खऱ्या लॅपटॉपच्या आत एक लटका लॅपटॉप, नव्याकोऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमसकट. आत काहीही बिघडो, बाहेरच्याला खरचटत नाही. बाहेरचा सोवळ्यात राहिला. घरच्यांनी आतला वापरायचा.

सोळा जीबी मेमरीपैकी बारा बाहेरच्याला, चार आतल्याला. बाराचे काम काही न करणे, चारचे काम सगळे करणे. (कुठल्याही कार्यालयाशी साम्य आढळल्यास तो योगायोग समजावा.) आतला सुरू व्हायला अकरा मिनिटे लागत. इंटरनेटला आणि पेनड्राइव्हला मनाई होती, कारण दोन्ही बाहेरच्याला शिवूनच आत येतात. दर शनिवारी स्नानानंतर अण्णा एक बटण दाबत आणि आतला लॅपटॉप पहिल्या दिवसासारखा कोरा होई. ‘जे ठेवायचे असेल ते वहीत उतरवून घ्यावे,’ अशी सूचना फ्रिजवर लावलेली होती.

गेल्या महिन्यात अण्णांच्या पत्नी शालनअक्का यांनी वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी पहिले नाटक लिहिले. रविवारी मराठी मंडळात वाचन होते. सोमवारपासून त्यांनी एकतीस पाने टाइप केली आणि शुक्रवारी संध्याकाळी वही उघडून बसल्या. लॅपटॉप कोरा होता.

“अहो, माझं नाटक?”

“अगं, उद्या दुसरा शनिवार. सुट्टी. म्हणून आजच उरकलं.” (निवृत्तीला बारा वर्षे झाली आहेत.)

“एकतीस पानं होती हो.”

“यंत्राला काही झालेलं नाही,” अण्णांनी धीर दिला.

मी तेव्हा तिथेच बसलो होतो. मला त्यांचे फार वाईट वाटले. मग त्यांनी आतला लॅपटॉप बंद केला, बाहेरच्याच्या कीबोर्डवरचे प्लास्टिक टरकन ओढून काढले आणि आठवेल तसे टाइप करायला लागल्या.

“अगं, स्वल्प थांब! तो खरा आहे!”

“सरी, ठीक आहे,” अक्का म्हणाल्या, “नाटकही खरंच होतं.”

अण्णा मऊ फडके घेऊन दोन दिवस शेजारी उभे होते. रविवारपर्यंत सतरा पाने परत आली. उरलेली चौदा अक्कांनाही आठवली नाहीत. लॅपटॉप ठणठणीत आहे.

ही हकीकत मी आजवर बावीस घरांत सांगितली. सगळीकडे लोक पोट धरून हसले. सगळीकडे मला चहा कान तुटलेल्या कपातून मिळाला आणि सोनेरी काठाचा सेट शोकेसच्या काचेआड बसून होता. आता तुम्हीही हसलात. तुमच्या घरचा सेट कोणासाठी ठेवला आहे?